शून्य डब्ल्यू चाळीस

मिनेसोटाच्या वरच्या टोकाला, ईली गावात,
ऑक्टोबर हा महिना नसतो,
नोटीस असते.
लोक तेलाच्या बाटल्यांसमोर येऊन उभे राहतात
औषधाच्या दुकानात राहावं तसे,
चिठ्ठी हरवलेले.

मीही उभा.
पाच डब्ल्यू तीस, दहा डब्ल्यू चाळीस,
सिंथेटिक, अर्धं सिंथेटिक,
एकावर चिखल उडवत डोंगर चढणारा क्वाड,
एकावर, का कोण जाणे, गरुड.
इचलकरंजीत एवढं नव्हतं.
तिथे लांब चोचीची एक झारी होती
आणि माझा बाप, चोवीस मागांचा जॉबर,
अंगठा आणि तर्जनीत थेंब चोळून
डोळे मिटायचा.
मग म्हणायचा, पातळ आहे.
किंवा, चालेल.
त्यापलीकडे तेलाला नाव नव्हतं.

"मागच्या वर्षी काय घातलंस?"
ड्वेननं विचारलं, चष्मा कपाळावर.
कारचं उरलेलं, मी म्हणालो. भारीतलं होतं.
तो हसला नाही. त्याचंच वाईट वाटलं.

कारण जानेवारीतली ती पहाट:
शर्वरी ड्यूटीला निघालेली, गाडीत बसून,
समोर गुडघाभर बर्फ,
आणि मी क्वाडवर. पातं खाली, गिअर पहिला,
इंजिन बोंबलतंय, चाकं ढिम्म.
शेवटी फावडं.
शेवटी तीही उतरली, नर्सच्या पांढऱ्या बुटांनी.
कोणी कोणाला काही बोललं नाही.
तोंडातून वाफ तेवढी निघत होती.

"कारमध्ये क्लच वेगळा, कोरडा," ड्वेन म्हणाला.
"ह्याच्या चकत्या इंजिनाच्याच तेलात बुडालेल्या.
तेलात निसरडेपणाचं औषध असलं
की एक चकती दुसरीला धरत नाही."
बाटली फिरवून त्यानं नखानं दाखवली
मागची बारीक अक्षरं: जासो, एम ए.
ही असली तर घे. नसली तर ठेव.

घासू नये इतकं सुटं,
सुटू नये इतकं घट्ट.
आमच्याकडे तेलाला स्नेहही म्हणतात
हे त्याला सांगावंसं वाटलं,
पण मागे रांग होती.

"आणि डब्ल्यू?"
"विंटर."
इतकी वर्षं मी वेट समजत होतो. वजन.
तर शून्य डब्ल्यू म्हणजे
कडाक्यातही चटकन धावून येणारं.
आणि चाळीस, तापल्यावरही टिकणारं.
घरी शर्वरी सेल्सियस बोलते, मी फॅरनहाइट,
उणे चाळीसला दोघांचं एकच होतं.
तशा दोन रात्री आम्ही इथे काढल्यात.

क्वाड शेजारच्या रेइनोचा.
तो गेल्यावर लेम्पीनं विकला, दोनदा किंमत कमी करून.
सीटखाली पिशवीत त्याची वही, पेन्सिलीची:
१४ ऑक्टोबर. उणे दोन. वॉशर नवा.
पुढच्या वर्षी: घाई. वॉशर जुनाच.
त्याखाली, आठवड्यानं: गळला.
मग मागच्या ऑक्टोबरची जागा कोरी.
ती माझी.

इंजिन पाच मिनिटं तापवलं,
खाली तसराळं, बोल्ट सैल केला.
काजळासारखं आलं, सावकाश,
मग धार, मग थेंब,
मग बराच वेळ काहीच नाही आणि पुन्हा एक थेंब.
वॉशर नवा.
नव्या तेलातला एक थेंब
दोन बोटांत चोळून पाहिला.
डोळे आपोआप मिटले.
मला त्यातलं काही कळत नाही.
चालेल, म्हणालो.

पहिला बर्फ पडला तो मंगळवारी, रात्रीतून.
आमच्या आधी तिच्या दाराकडे वळलो.
चाकांनी जमीन धरली.
लेम्पी ओसरीवर आली, रेइनोचाच कोट,
हातात कॉफी, माझ्यासाठी नव्हे, तिचीच.
थोडा वेळ नुसती ऐकत राहिली.

"तेल बदललंस," म्हणाली.
आणि आत गेली.